पीसीच्या वॉटर कूलिंगसाठी जाड रेडिएटर हवा की स्लिम? पैसे घालवण्याआधी हे साधं गणित समजून घ्या

रील्स बघताना असे पीसी हमखास समोर येतात. काचेचं कॅबिनेट, आत वळणावळणाच्या पारदर्शक नळ्या, त्यातून फिरणारं निळं-जांभळं पाणी आणि सगळीकडे आरजीबी लाइट. कमेंटमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भावा, खर्च किती आला?" दुसरा असतो, "पाणी गळलं तर?"

तिसरा प्रश्न मात्र फार कमी जण विचारतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डची ही सगळी उष्णता शेवटी बाहेर जाते कुठून?

ती जाते पंख्यांच्या मागे लपलेल्या एका काळ्या जाळीतून. तिचं नाव रेडिएटर. पंप, नळ्या आणि रंगीत पाणी उष्णता फक्त इकडून तिकडे वाहून नेतात. ती हवेत सोडायचं काम एकटा रेडिएटर करतो. म्हणजे अख्ख्या सेटअपचं यश या जाळीवर अवलंबून असतं आणि नेमकी तीच निवडताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

"जितका जाड तितका भारी" असं समजून ६० मिमीचा रेडिएटर मागवला जातो. तो घरी येतो आणि मग कळतं, की पंखे लावल्यावर कॅबिनेटचं झाकणच लागत नाही. काही जण उलट स्वस्तात मिळतोय म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ रेडिएटर घेतात आणि काही महिन्यांत महागड्या कॉपर ब्लॉकची वाट लागते.

हे दोन्ही टाळता येतं. त्यासाठी स्लिम रेडिएटर म्हणजे काय, तो कुठे पुरतो आणि कुठे पुरत नाही हे समजून घेऊया.

गाडीतला आणि पीसीतला रेडिएटर वेगळा कसा?

कल्पना गाडीतलीच आहे. २००० सालाच्या आसपास पीसीसाठी वेगळे रेडिएटर सहज मिळत नसत. तेव्हा हौशी मंडळी जुन्या गाड्यांच्या हीटरमधली जाळी काढून ती पीसीला जोडायची. चाकणमध्ये बनणारी केटीएम ३९० ड्यूक जवळून पाहिली असेल, तर पुढच्या चाकामागे अशीच छोटी जाळी दिसली असेल.

मग प्रश्न पडतो, की बाइकच्या इंजिनाची कित्येक किलोवॅट उष्णता एवढ्याशा जाळीतून निघते, तर ४००-५०० वॅटच्या पीसीला दोन-दोन मोठे रेडिएटर कशाला?

याचं उत्तर तापमानाच्या फरकात आहे. इंजिनातलं कूलंट साधारण ९० अंशांवर असतं. बाहेरची हवा ३५ अंश धरली, तरी दोघांत ५५ अंशांचा फरक पडतो. फरक जितका मोठा, तितकी उष्णता झटकन बाहेर पडते. पीसीत मात्र पाणी ९० अंशांवर नेता येत नाही. तिथे खोलीची हवा आणि पाणी यांच्यात १० ते १५ अंशांचाच फरक ठेवायचा असतो. एवढ्या कमी फरकावर काम चालवायचं, तर जाळीचं क्षेत्रफळ मोठं हवं.

इथे क्षेत्रफळ म्हटलंय, जाडी नाही. पुढची सगळी गोष्ट या एका शब्दाभोवती फिरते.

माठातलं पाणी गार होतं, मग पीसीतलं का नाही?

वॉटर कूलिंग म्हटलं की थंडगार पाणी डोळ्यासमोर येतं. प्रत्यक्षात पीसीतलं पाणी कोमट असतं.

माठ पाझरतो, बाहेर आलेलं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणून माठातलं पाणी खोलीपेक्षा गार होतं. डेझर्ट कूलरही याच तत्त्वावर चालतो. पीसीतलं पाणी मात्र बंद नळ्यांत फिरतं. वाफ होण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे रेडिएटर कितीही मोठा लावला तरी पाणी खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही.

याचा एक फायदाही आहे. पाणी हवेपेक्षा गार होत नाही, म्हणून पावसाळ्यात मुंबई किंवा कोकणातल्या दमट हवेतही नळ्यांवर दव धरत नाही. गार बाटलीवर थेंब जमतात तसं इथे होत नाही.

स्लिम म्हणजे नेमका किती?

रेडिएटरची मापं पंख्यांवरून ठरतात. १२० मिमीचे दोन पंखे बसले तर २४०, तीन बसले तर ३६०. १४० मिमीच्या पंख्यांसाठी २८० आणि ४२० अशी मापं येतात.

जाडी हे वेगळं माप आहे. साधारण २५ ते ३० मिमीपर्यंतच्या रेडिएटरला स्लिम म्हणतात. ४०-४५ मिमीचा मध्यम आणि ६० मिमीच्या पुढचा जाड. अल्फाकूल कंपनीच्या नावांतूनच हे कळतं, एसटी३० म्हणजे ३० मिमी, एक्सटी४५ म्हणजे ४५ आणि यूटी६० म्हणजे ६०. कोर्सेअरचा एक्सआर५ हा ३० मिमीचा, तर हार्डवेअर लॅब्सचा जीटीएसही जवळपास तेवढाच. बाजारात तयार मिळणाऱ्या बंद कूलरचे, म्हणजे एआयओचे रेडिएटर बहुतेक २७ मिमीच्या आसपास असतात.

जाडी दुप्पट केली की कूलिंग दुप्पट का होत नाही?

समजा ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मिळून ४५० वॅट उष्णता तयार करतात. ३६० चा एक रेडिएटर आहे आणि त्यावर तीन पंखे आहेत. प्रत्येक पंखा जाळीतून तासाला ६० घनमीटर हवा ढकलतो.

एवढी हवा एक अंशाने तापवायला साधारण १९ वॅट लागतात. तीन पंख्यांचे झाले ५७-५८ वॅट. म्हणजे ४५० वॅट त्या हवेत गेले, की हवा साधारण ८ अंशांनी तापून बाहेर पडणार. खोलीत ३२ अंश असतील, तर मागून येणारी हवा ४० अंशांची.

आता आवाज नको म्हणून पंख्यांचा वेग कमी केला आणि हवा निम्मी झाली असं धरू. तेवढीच उष्णता निम्म्या हवेत गेली, की हवा १६ अंशांनी तापणार. बाहेर येणारी हवा ४८ अंशांची. हवा पाण्यापेक्षा गरम होऊ शकत नाही, म्हणून पाणी साधारण ४८ अंशांच्या वरच राहणार. इथे रेडिएटर फूटभर जाड केला, तरी हा आकडा खाली येणार नाही. अडचण धातू कमी असल्याची नसून हवा कमी असल्याची आहे.

जाड जाळीत काय होतं तेही लक्षात घ्या. हवा पहिल्या ३० मिमीतच बऱ्यापैकी तापते. पुढच्या ३० मिमीला आधीच तापलेली हवा मिळते, त्यामुळे तो भाग कमी काम करतो. शिवाय जाड जाळीतून हवा ढकलताना पंख्याची दमछाक होते ती वेगळीच.

म्हणूनच पंखे हळू फिरत असतील, तेव्हा स्लिम आणि जाड रेडिएटरमधला फरक फारच थोडा असतो. पंखे जोरात फिरवले, की जाड रेडिएटर पुढे जातो. पण शांत पीसी हवा म्हणून वॉटर कूलिंग करायचं आणि पंखे मिक्सरसारखे वाजवायचे, याला अर्थ नाही.

यातून एक सरळ नियम निघतो. जागा असेल तर एका जाड रेडिएटरपेक्षा दोन स्लिम रेडिएटर चांगले. दोघांची मिळून जाडी तेवढीच होते, पण ताजी हवा घेणारं क्षेत्रफळ दुप्पट होतं.

मग आपल्याला किती लागेल?

पीसी बांधणाऱ्यांमध्ये एक ढोबळ अंदाज चालतो. १२० मिमीच्या एका पंख्याच्या जागेमागे साधारण १०० वॅट धरायचे. मध्यम वेगाच्या पंख्यांवर पाणी खोलीपेक्षा १० ते १५ अंश वर राहील, असा हा हिशोब आहे.

उदाहरण घेऊ. आरटीएक्स ४०८० ची कमाल पॉवर ३२० वॅट आणि रायझन ७ ७८००एक्स३डी ची टीडीपी १२० वॅट. बेरीज ४४०. म्हणजे पाच पंख्यांची जागा हवी. ३६० चा एक आणि २४० चा एक, दोन्ही स्लिम असले तरी काम आरामात होतं. गेम खेळताना प्रोसेसर पूर्ण क्षमतेने चालत नाही, त्यामुळे थोडी सवडही मिळते.

आता आरटीएक्स ५०९० घ्या. एकट्या कार्डाची पॉवर ५७५ वॅट. त्यासोबत कोअर आय९ १४९००के असेल, तर तो पूर्ण ताणावर २५३ वॅटपर्यंत जातो. बेरीज ८०० च्या पुढे. इथे २४० च्या एका स्लिम रेडिएटरवर भरवसा ठेवला, तर पंखे कायम ओरडत राहतील.

आणि फक्त प्रोसेसर गार ठेवायचा असेल, तर कस्टम लूपचा घाट घालायची गरजच नाही. चांगला एआयओ किंवा मोठा एअर कूलर पुरतो. कस्टम लूपचा खरा उपयोग ग्राफिक्स कार्डही पाण्यावर घ्यायचं असतं तेव्हा होतो.

आधी पट्टी काढा, मग पैसे

कॅबिनेटच्या माहितीपत्रकात "३६० रेडिएटर सपोर्ट" लिहिलेलं असतं. त्यात जाडीचा उल्लेख नसेल, तर ती स्वतः मोजावी लागते.

पंखा नेहमीचा असेल तर त्याची जाडी २५ मिमी. म्हणून ३० मिमीचा रेडिएटर आणि पंखा मिळून ५५ मिमी. ४५ चा घेतला तर ७० आणि ६० चा घेतला तर ८५ मिमी. १५ मिमीचे स्लिम पंखेही मिळतात, मग ३० च्या रेडिएटरसोबत ४५ मिमीत भागतं. पण स्लिम पंखे हवा कमी ढकलतात. कुठे तरी कापायचंच असेल, तर आधी रेडिएटरची जाडी कापावी. पंखा २५ मिमीचाच ठेवता आला तर उत्तम.

छताला रेडिएटर लावणार असाल, तर खाली काय काय येतं ते बघा. उंच आरजीबी रॅम, मदरबोर्डवरचे हीटसिंक आणि प्रोसेसरच्या पॉवरची वायर, या तिघांशी रेडिएटरची टक्कर ठरलेली असते. पुढच्या बाजूला लावणार असाल, तर लांब ग्राफिक्स कार्ड आड येतं.

लांबीतही फसगत होते. ३६० चा रेडिएटर ३६० मिमी लांब नसतो. दोन्ही टोकांना पाण्याच्या टाक्या असतात, त्या धरून तो ३९०-४०० मिमीपर्यंत जातो. २४० चा साधारण २७५-२८० मिमी भरतो. त्यापुढे नळी जोडायच्या फिटिंगला आणि नळीच्या वळणाला आणखी ३-४ सेंटीमीटर लागतात.

हे सगळं कागदावर लिहून मगच ऑर्डर द्या. पुठ्ठ्याचा त्याच मापाचा ठोकळा कापून कॅबिनेटमध्ये ठेवून बघितला तर आणखी चांगलं. पाच मिनिटांचं काम आहे, पण काही हजार रुपये वाचतात.

एफपीआय नावाची भानगड

रेडिएटरच्या नळ्यांमध्ये पातळ पत्र्याच्या घड्या असतात, त्यांना फिन म्हणतात. एका इंचात किती फिन आहेत तो आकडा म्हणजे एफपीआय.

फिन जितक्या दाट, तितका धातू जास्त, पण हवेला वाटही तितकी अरुंद. दाट जाळीतून हवा रेटायला जोर लागतो. पंख्याच्या या जोराला स्टॅटिक प्रेशर म्हणतात. म्हणून रेडिएटरसाठी पंखा घेताना तो फक्त किती हवा फेकतो हे न बघता त्याचं स्टॅटिक प्रेशरही बघायचं.

स्लिम रेडिएटरची एक सोय अशी, की हवेला थोडंच अंतर कापायचं असल्याने थोड्या दाट फिन चालून जातात. तरीही आपल्याकडची धूळ विसरून चालणार नाही. २० च्या वर एफपीआय असेल तर जाळी लवकर तुंबते आणि दमट हवेत ती धूळ घट्ट चिकटून बसते. शांत पंखे आणि धुळीचं शहर असेल, तर १६ च्या आसपासचा एफपीआय बरा. हवा आत ओढणाऱ्या बाजूला फिल्टर लावा आणि तो दर महिन्याला झटका.

सगळ्यात महत्त्वाचं, धातू कोणता आहे?

इथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही.

कस्टम लूपमधले ब्लॉक बहुतेक कॉपरचे किंवा त्यावर निकेल चढवलेले असतात. रेडिएटरमध्ये फिन कॉपरच्या आणि नळ्या-टाक्या कॉपर किंवा पितळेच्या असाव्यात. स्वस्त रेडिएटर पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. कॉपर आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले, की बॅटरीत होते तशी प्रक्रिया सुरू होते. अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं, त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो आणि शेवटी रेडिएटरला भोकही पडू शकतं. खाली ग्राफिक्स कार्ड असतं, पुढचं सांगायला नको.

कंपनी बंद एआयओमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर वापरते, कारण तिथलं कूलंट त्यासाठीच बनवून सील केलेलं असतं. जुन्या एआयओचा रेडिएटर काढून कस्टम लूपला जोडायचा जुगाड मात्र करू नये.

ऑनलाइन घेताना वर्णनात "कॉपर" आहे का ते शोधा. नुसतं "मेटल" लिहिलं असेल तर विक्रेत्याला विचारा. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात प्रत्यक्ष घेत असाल, तर हातात धरून बघा. त्याच मापाचा कॉपरचा रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमपेक्षा चांगलाच जड लागतो.

नवा रेडिएटर जोडण्याआधी आतून धुवायचाही असतो, कारण आत जोडकामाचे अवशेष उरलेले असतात. गरम पाणी भरून हलवायचं, ओतायचं, असं पाणी स्वच्छ येईपर्यंत करायचं आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं. लूपमध्ये नळाचं पाणी भरू नये. गंज आणि शेवाळ रोखणारं तयार कूलंटच भरावं.

एक स्क्रू आणि खेळ खल्लास

स्लिम रेडिएटरचा हा धोका फारसा कुणी सांगत नाही. २५ मिमीच्या पंख्यासाठी साधारण ३० मिमीचे स्क्रू येतात. पंख्यातून पार होऊन ते रेडिएटरमध्ये ५ मिमीच्या आसपास शिरतात. तेच स्क्रू १५ मिमीच्या स्लिम पंख्याला वापरले, तर ते १५ मिमी आत घुसतात आणि पाण्याच्या नळीला भोक पाडतात.

काही रेडिएटरमध्ये स्क्रूच्या भोकाखाली संरक्षक पट्टी असते. ती आहे का ते घेतानाच बघा. नसली तरी हरकत नाही, पण प्रत्येक स्क्रू लावण्याआधी पंख्याच्या बाजूला धरून किती आत जाणार ते मोजा. स्क्रू अडला तर जोर लावू नका.

विदर्भातल्या मे महिन्याचं काय?

परदेशी व्हिडिओंत खोलीचं तापमान २० ते २५ अंश असतं. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर पारा ४२-४५ पर्यंत जातो आणि एसी नसलेली खोली ३८ ला सहज पोहोचते. तिथे पाणी १२ अंशांनी वर गेलं, की थेट ५०.

हा आकडा महत्त्वाचा आहे. लोकप्रिय डी५ पंपांसाठी पाण्याची मर्यादा साधारण ६० अंश असते. पीईटीजीच्या पारदर्शक नळ्याही गरम पाण्यात मऊ पडू लागतात आणि फिटिंगमधली पकड सैल होऊ शकते. म्हणजे पुण्यातल्या २८ अंशांच्या खोलीत जो स्लिम रेडिएटर आरामात चालतो, तोच विदर्भातल्या उन्हाळ्यात काठावर येतो.

उपाय सोपा आहे. हिशोब करताना वर्षातला सगळ्यात गरम दिवस धरायचा आणि एका पंख्याची जागा जास्तीची ठेवायची. जमलं तर लूपमध्ये पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर लावायचा आणि पंख्यांचा वेग प्रोसेसरऐवजी त्या सेन्सरवर ठरवायचा. कूलर लावून खोली गार केली, तर पाणीही तेवढंच उतरतं. फक्त कूलरचे तुषार पीसीवर येऊ देऊ नका.

स्लिम कधी घेऊ नये?

कॅबिनेटमध्ये एकच रेडिएटर बसतो, लांबीला वाव नाही पण जाडीला भरपूर जागा आहे आणि पंख्यांच्या आवाजाचं वावडं नाही, अशा वेळी ४५ किंवा ६० मिमीचा रेडिएटर खरंच उपयोगी पडतो. दोन्ही बाजूंनी पंखे लावायचे असतील, तरी त्याचा फायदा जाड आणि दाट जाळीलाच जास्त मिळतो. स्लिम रेडिएटरवर पंख्यांची दुसरी रांग लावण्यापेक्षा तो पैसा दुसऱ्या रेडिएटरवर घातलेला बरा.

बाकी बहुतेक घरगुती पीसींसाठी क्रम असा: आधी कॅबिनेटमधली जागा मोजा, मग वॅटची बेरीज करून क्षेत्रफळ ठरवा, मग धातू तपासा, मग एफपीआय आणि पंख्यांची जोडी जमवा. जाडीचा विचार सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला, तर बऱ्याचदा उत्तर ३० मिमीवरच येऊन थांबतं आणि वाचलेल्या पैशांत चांगले पंखे येतात.